वारं माझ्या अंगात नव्हतं

आधीच सांगून ठेवते, हे मी रागाने लिहिते आहे. दुखण्यातून उठलेली माणसं लिहायला बसली की शेवटी सगळ्यांचे आभार मानतात. काहीजण तर दुखण्याचेही मानतात, ‘आजाराने मला जगायला शिकवलं’ वगैरे. मला आजाराने काहीही शिकवलं नाही. माझी चांगली तीसेक वर्षं तेवढी खाल्ली, आणि तीही एकट्याने नाही. घरच्यादारच्या माणसांनी हातभार लावला. ज्यांना गोड वाचायचं असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

मला फिरत्या वाऱ्याची भीती वाटते. पावसाची नाही, विजेची नाही, अंधाराची तर मुळीच नाही. माळावरची वावटळ, उन्हाळ्यात पत्रे वाजवत येणारं वावधान, आणि टीव्हीवर दाखवतात ते परदेशातलं, आभाळातून सोंड खाली सोडून घरंच्या घरं उचलणारं वादळ. तसलं वादळ आपल्याकडे येत नाही हे मला ठाऊक आहे. ठाऊक नसेल म्हणून निदान दहाजणांनी मला ते समजावून सांगितलं आहे. पण भीतीला भूगोल येत नाही. होळी झाली की मृग लागेपर्यंत माझं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं. वारा सुटला की आधी कान गच्च होतात, मग हात गार पडतात, मग श्वास वरच्यावर अडकतो आणि मी जिथे खिडकी नाही अशी जागा शोधते. आमच्या घरात अशी जागा म्हणजे न्हाणीघर, नाहीतर पलंगाखाली.

माझं नाव मंगल. माहेर खुलताबादच्या डोंगराखाली. आमची मेंढरं होती. आता बिडकीनला राहते. नवरा, सुभाष, तिथल्या एका कंपनीत आहे आणि मी एका खाजगी शाळेत मराठी शिकवते. सासूबाई आमच्याजवळ असतात, त्यांना मी आत्या म्हणते. मुलगी भाग्यश्री, घरात भाग्या, चौथीत आहे.

हे लिहायला बसले ती भाग्यामुळे. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी वारं सुटलं आणि मी उठायच्या आत ती पलंगाखाली गेली. वारं पडल्यावर बाहेर आली, तर आत्यांनी तिच्या कपाळाला कुंकवाचं बोट ओढलं आणि हात जोडून म्हणाल्या, “आईचं वारं लेकीला आलं बघा.” त्या दिवशी मला माझ्या भीतीपेक्षा त्या वाक्याची जास्त भीती वाटली. कारण या वाक्यात माणूस एकदा सापडला की सुटत नाही. मी त्यात माझ्या लेकीएवढी असतानाच सापडले होते.

डालगी

सगळे विचारतात, लहानपणी नेमकं काय झालं होतं? कोणी गेलं का वादळात? नाही हो, कोणी गेलं नाही. लोकांना एखादा मुडदा मिळाला असता तर माझी भीती पटली असती. मुडदा नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडतो.

झालं ते एवढंच. आम्ही मेंढरं घेऊन माळावर उतरलो होतो. मेंढरांभोवती जाळी लावतात, तिला वाघूर म्हणतात. आबा तिचे खुंटे ठोकत होते. लहान कोकरं डालग्यांखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपल्यांखाली, झाकून ठेवली होती. समोरच्या नांगरटीतून एक वावटळ उठली, माणसाएवढी असेल, आणि बघता बघता आभाळाला लागली. पाचोळा, माती, कुणाचं तरी धोतर, सगळं गरगरत वर चाललं होतं. मग ती आमच्याकडे वळली. आबा ओरडले, “अरं चप्पल उगारा! थुका तिच्यावर!” वावटळीत भूत असतं, त्याला चप्पल दाखवली की ते पळतं, असं आमच्याकडे मानतात. आबांनी चप्पल उगारली. वावटळीने चपलेला भीक घातली नाही. डालगी उडाली. उघडी पडलेली कोकरं भर धुळीत एका जागी थरथरत उभी राहिली.

मायने, म्हणजे आईने, मला ओढून घोंगडीखाली घेतलं. तिची पकड एवढी घट्ट की दंडावर तिच्या बोटांचे वळ उठले. पुढेही वारं सुटलं की ती तसंच करायची, घोंगडी डोक्यावरून आणि माझा दंड मुठीत. मला वाटायचं, मी उडून जाईन म्हणून माय मला धरते.

एका क्रियापदाची चूक

मराठी शिकवते म्हणून सांगते. आमच्या भागात बाहेरचं वारं बहुतेक ‘सुटतं’. आणि अंगात जे येतं, देवीचं किंवा आणखी कशाचं, त्यालाही वारंच म्हणतात. ते ‘येतं’. बाईचे डोळे फिरले, केस मोकळे सुटले, घुमायला लागली, की तिला वारं आलं. लकवा झाला तर अंगावरून वारं ‘जातं’. आणि पोट फुगलं तरी पोटात वारं ‘धरतं’. एक नाम आणि चार क्रियापदं.

मी तिसरीत होते. शाळेत दुपारी वादळ आलं. पत्र्याचं छत एका कोपऱ्यातून उचललं जात होतं आणि परत आपटत होतं. मी बाकाखाली शिरले आणि किंचाळले, “वारं आलं! मला वारं आलं!” मला म्हणायचं होतं, माझ्यावर वारं चालून आलं. पण पोरगी थरथरते आहे, डोळे ताठ झालेत आणि तोंडाने ‘मला वारं आलं’ म्हणते आहे. गावाला आणखी काय पुरावा पाहिजे? संध्याकाळपर्यंत घराघरांत झालं की धनगराच्या मंगलच्या अंगात येतं.

माय मला देवऋषीकडे घेऊन गेली. त्याने माझे केस मुठीत धरले, तोंडासमोर धूप धरला आणि विचारलं, “बोल, कोण हायेस तू?”

मी म्हणाले, “मंगल.”

त्याने निंबाची डहाळी पाठीवर ओढली. “खरं सांग. कोण हायेस?”

“मंगल. तिसरी ब.”

आज हे मी शिक्षकखोलीत सांगते तेव्हा सगळे हसतात. मीही हसते. पण त्या धुराने मला श्वास घेता येत नव्हता आणि माझी माय शेजारी हात जोडून बसली होती, हे सांगितलं की हसू थांबतं. बारा गावचं पाणी प्यालेल्या त्या बाबाने शेवटी स्वतःच उत्तर दिलं. म्हणाला, देवी आहे, अजून बोलत नाही, मोठी झाली की बोलेल. माय येताना वाटेभर रडली, पण तिचा चेहरा हलका झाला होता. तो हलका झालेला चेहरा मी विसरलेले नाही.

बोहल्यावरून

आपल्याकडे लग्नं नेमकी उन्हाळ्यात, आणि तीही उघड्यावर, कापडाच्या मांडवात. जगातल्या प्रत्येक नवरीला लग्नात सासरची धास्ती असते. मला मांडवाची होती. सकाळपासून मी मांडवाचे दोर मोजून बसले होते.

अंतरपाट धरला होता. भटजी माईकवर ‘शुभ मंगल सावधान’ म्हणत होते. मंगल सावधानच होती. आणि सावधान म्हणता म्हणता मागून वावधान आलं. मांडवाचं कापड पोटासारखं फुगलं, एक बांबू उपटून वर गेला, आणि मी हातातला हार टाकून पळाले. वऱ्हाड उतरलं होतं त्या शाळेच्या वर्गात जाऊन टेबलाखाली बसले. मुंडावळ्या तोंडात आल्या होत्या.

आता येतील आणि मला ओढून नेतील, असं वाटत होतं. नाहीतर लग्न मोडलं म्हणतील. आलेल्या बाया दारात थबकल्या. बाहेर कोणीतरी विचारत होतं, “नवरीला काय झालं? येडसर हाये का काय?” आणि मग मायचा आवाज आला, ठणठणीत, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा: “येडी काहून असंल? देवीचं वारं येतं तिला. लहानपणापासनं येतं.”

झालं. चित्र पालटलं. सासरच्या बाया एकेक करून वाकायला लागल्या. कोणी हळदकुंकू लावलं, कोणी माझ्या मांडीवर नारळ ठेवला. मी टेबलाखाली, धाप लागलेली, आणि एक बाई पदर पसरून मला विचारते, “आई, माझ्या सुनेला अवंदा दिवस जातील का?” बाहेर वाऱ्याने पत्रा आपटला आणि मी ओरडले, “आई गं!” बाई म्हणाली, “व्हय म्हणली, देवी व्हय म्हणली!” पुढे त्या सुनेला मुलगा झाला, आणि माझं देवपण पक्कं झालं.

लग्न लागलं. माय जिंकली. आणि माझ्या भीतीला सासरी देव्हाऱ्यात जागा मिळाली. तेव्हापासून दर वादळाला आत्या कुंकवाचा करंडा घेऊन न्हाणीघराच्या दारात उभ्या. मला श्वास नाही आणि या ऊद घालतायत. मी म्हणायचे, “आत्या, मला भीती वाटतेय, धूर नका करू.” त्या माझ्या पाया पडायच्या. ज्याच्या लोक पाया पडतात त्याचं कोणी ऐकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

हलकं जेवा

डॉक्टर केले नाहीत असं नाही. एका वादळानंतर छातीत इतकं धडधडलं की सुभाषने मला गाडीवर घालून शहरात एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाहेरगावचे, नवीनच आलेले. छातीची पट्टी काढली, ती चांगली निघाली. मग विचारलं, “नेमकं काय होतं?” माय तेव्हा आमच्याकडे आलेली होती, तीही बरोबर होती. ती पुढे होऊन म्हणाली, “सायब, तिला वारं येतं.”

“जेवणानंतर जास्त येतं का?”

माय गोंधळली. म्हणाली, “दुपारी येतं सायब. उन्हाळ्यात लई.”

त्यांनी गॅसची गोळी लिहून दिली आणि रात्रीचं जेवण हलकं ठेवायला सांगितलं. ती गोळी मी प्रामाणिकपणे घेतली. वादळाला काही फरक पडला नाही. शेजारच्या बाईला वाटलं की माझ्या अंगावरून वारं गेलं. भेटायला आली आणि बोलताना सारखी माझं तोंड वाकडं झालंय का ते बघत होती.

घरात काय चाललं होतं तेही सांगते. नात्यातल्या उन्हाळ्यातल्या एकाही लग्नाला मी धड गेले नाही, सुभाषच्या सख्ख्या भावाच्यासुद्धा. नातेवाईक म्हणायचे, मास्तरीण झाली, गर्व चढला. उकाड्याने जीव जात असला तरी मी खिडक्या लावून घ्यायचे. एकदा सुभाष भडकला. “तुझ्यामुळं चार महिने घराचा कैदखाना होतो. माणसानं जगायचं कसं?” मी ताट बाजूला सरकवलं आणि उठून गेले. तो खोटं बोलत नव्हता म्हणून तर जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मागच्या मोरीवरचा सुटा पत्रा त्याने काढून टाकला होता आणि बाकीचे तारेने आवळून बांधले होते. आभार मानायचेच झाले तर मी त्या तारेचे मानीन.

बाहेर की अंगात

भाग्या पलंगाखाली गेली आणि आत्यांनी ते वाक्य उच्चारलं, त्याच आठवड्यात मी सुभाषला म्हणाले, मला मनाच्या डॉक्टरकडे ने. तो म्हणाला, “लोक काय म्हणतील?” मी म्हणाले, “लोकांनी मला देवी म्हणून झालं, अजून काय म्हणायचं राहिलंय?”

दवाखाना शहरात, क्रांती चौकाजवळ, वरच्या मजल्यावर. खाली सगळी दुकानं, हॉर्न, गर्दी. गर्दी बघून मला बरं वाटलं, एवढ्या दाटीत वावटळ फिरायला जागा नाही. बाकावर माझ्या शेजारी एक जाडजूड, करारी बाई बसल्या होत्या. त्यांनी आपणहून सांगितलं, “मला पालीचं भेव. तुमचं?” मी म्हणाले, “वाऱ्याचं.” त्या म्हणाल्या, “अगं बाई, पाल तरी झाडूनं हाकलता येती.” इतक्या वर्षांत माझ्या भीतीबद्दल कोणी बोललेलं ते पहिलं समजूतदार वाक्य.

डॉक्टर बाई पैठणकडच्या, माझ्याच वयाच्या. काय होतं म्हणून विचारल्यावर सवयीने सुभाषच बोलला, “मॅडम, हिला वारं येतं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे वळून विचारलं, “म्हणजे कसं? वारं बाहेर येतं का अंगात येतं?”

मला रडू फुटलं ते थांबेना. सुभाष घाबरला. इतका साधा प्रश्न होता. माझ्या गावात, सासरी, त्या मोठ्या डॉक्टरांकडे, कोणीही तो विचारला नव्हता. मी म्हणाले, “बाहेर. बाहेर येतं हो. अंगात काही येत नाही. मी फक्त घाबरते.”

त्या म्हणाल्या, “बरं. घाबरण्याचं औषध आहे आपल्याकडे.” आजाराला इंग्रजी नावही आहे, त्यांनी ते सांगितलं, मी ते ऐकून घेतलं. माझ्यासाठी निदान आधीच झालं होतं. आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मला संताप आला. जिना मी पाय आपटत उतरले. एवढं सोपं होतं? एका प्रश्नाचं अंतर होतं?

उपचार

उपचाराचा तपशील मी सांगणार नाही, तो ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडून घ्यावा. काही दिवस एक बारीक गोळी होती. बाकी सगळं कष्टाचं काम. आधी वावटळीचं चित्र काढायचं, मग फोटो बघायचा, मग बिनआवाजाचा व्हिडिओ, मग आवाजासकट. ज्या दिवशी आवाजासकट बघितला त्या दिवशी मी दवाखान्याच्या टेबलाची कड इतकी घट्ट धरली की डॉक्टर बाई म्हणाल्या, “टेबल आमचं आहे, मंगलताई.”

त्यांनी मला एक नियम दिला. वारं सुटलं की जे दिसतं तेवढंच मोठ्याने बोलायचं. साधी वाक्यं, कर्ता आणि क्रियापद. वारं सुटलंय. पत्रा वाजतोय. मी उभी आहे. पुढचं, जे अजून झालं नाही ते, बोलायचं नाही. भविष्यकाळ बंद. व्याकरणाच्या बाईला हे औषध लागू पडलं, यात नवल नाही.

आमच्या घरासमोर कंपन्यांसाठी सपाट करून ठेवलेली जमीन आहे. रुंद रस्ते, खांब, आणि मध्ये काहीच नाही. चैत्रात तिथे दिवसभर वावटळी उठतात. सुभाष रजा टाकून माझ्याबरोबर उभा राहायचा. येणारेजाणारे बघायचे, एक बाई मोकळ्या माळाला सांगते आहे, “मी उभी आहे. मी उभी आहे.” देवी होते, आता वेडीही झाले.

मी बरी झाले का? पूर्ण नाही. अजून हात गार पडतात. पण न्हाणीघर सुटलं. आणि कृपा करून ज्याला अशी भीती आहे त्याला ‘मन खंबीर कर’ म्हणू नका. खंबीर मनानेच आम्ही इतकी वर्षं काढली. तुम्ही एक दिवस काढून बघा.

माय

निदान झाल्यावर मी एकटीच खुलताबादला गेले आणि माझ्या मायवर ओरडले. इतकी वर्षं साठलेलं सगळं ओकले. धूर, डहाळी, टेबलाखालचे नारळ, सगळं.

माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “मंग काय करायला पाह्यजे होतं म्या? येडी म्हणून सांगायचं का जगाला? येडीला कोणी पदरात घेतलं असतं? देवीला सगळे नमतात.”

“मी येडीही नव्हते आणि देवीही नव्हते. मी घाबरले होते, माय. एवढं एक सांगायचं होतंस तू.”

“भेकडाला आमच्यात काय किंमत होती, तुला ठाव नाय.” ती म्हणाली. “माळावर राहणारी माणसं आमी. वाऱ्याला भिऊन कसं भागलं असतं?”

मी न जेवता उठले. तिने भाकरी फडक्यात बांधून पुढे केली, तीही घेतली नाही. नंतर बरेच महिने फोन केला नाही. राग गिळावा म्हणतात. गिळला असता तर पुन्हा गॅसची गोळी घ्यावी लागली असती.

आलं बघा, आलं

यंदा चैत्रात आत्यांनी ठरवलं की भाग्याला देवऋषीकडे नेऊन आणायचं. “आत्ताच वारं बांधून घेतलं तर पोरीला तरास व्हनार नाय.” मी नाही म्हणाले. सुभाष नाही म्हणाला. आत्या हट्टाला पेटल्या. त्यांना दोष तरी कसा द्यावा, त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी श्रद्धेने मानलं. त्यांनी परस्पर फोन करून साक्षीला माझ्या मायलाच बोलावून घेतलं. म्हणाल्या, “इहीणबाईंनीच तर भरल्या मांडवात सांगितलं हुतं. आता त्याच सांगतील.”

माय आली तेव्हा सुभाष कंपनीत गेला होता. हातात पिशवी, कपाळावर घाम. माझ्याकडे न बघता पाणी प्याली. आत्या म्हणाल्या, ऊन उतरलं की निघू. मी दारात आडवी उभी राहिले. माझ्या लेकीचे केस कोणी मुठीत धरणार असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे, असं मी म्हणाले, आणि ओरडून म्हणाले. भाग्या भिंतीला चिकटून आम्हा तिघींकडे बघत होती.

आणि समोरच्या मोकळ्या जमिनीवरून मातीची भिंत उठली.

उजेड पिवळा झाला. मागचे पत्रे तारेत करकरायला लागले. माझे हात गार पडले. भाग्या पलंगाकडे धावली. मी तिला धरलं नाही. जमिनीवर बसले आणि म्हणाले, “भाग्या, वारं काय करतंय?”

ती अर्धी पलंगाखाली होती. “सुटलंय,” ती म्हणाली.

“पत्रा काय करतोय?”

“वाजतोय.” ती रडत होती, तिचे डोळे मोठे झाले होते आणि ओठ थरथरत होते.

“आलं बघा, आलं!” आत्या करंडा घेऊन धावत आल्या. “इहीणबाई, बगा पोरीचे डोळे! सेम हिच्या आईवानी!” त्यांनी कुंकवात बोट बुडवलं.

मायने त्यांचं मनगट धरलं.

“वारं बाहेर सुटलंय, इहीणबाई,” ती म्हणाली. “पोरीच्या अंगात काय नाय. पोर भेलीय.”

आत्यांनी मनगट सोडवून घेतलं. “अन् मंगलला येतं ते?”

“तिलाबी कधी आलं नाय.” मायचा आवाज पत्र्याच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हता, म्हणून तिने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. “तिलाबी कधीच आलं नाय. तीबी भ्यायची. म्या खोटं बोलले. लगीन मोडलं असतं.”

आत्या मटकन खाली बसल्या. करंडा मांडीवर कलंडला आणि पातळ लाल झालं. “मंग इतकी वर्सं,” त्या म्हणाल्या, “म्या कोणाच्या पाया पडले वं?”

मला हसू येत होतं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तीस वर्षांपूर्वी हेच वाक्य, याच मायने, त्या देवऋषीच्या पुढ्यात म्हटलं असतं तर? पोर भेलीय. दोन शब्द. माझा राग गेला असं तुम्हाला वाटत असेल तर तो गेला नाही.

भाग्या पलंगाखालून बाहेर आली आणि माझ्या कुशीत शिरली. मग तिने मायकडे बघितलं आणि लहान मुलं विचारतात तसं विचारून टाकलं, “आज्जी, तुला नाही वाटत का गं भेव?”

माय माझ्या बाजूला येऊन बसली होती. तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला, दार आपटलं, आणि माझ्या दंडावर तिची बोटं रुतली. त्याच जागी, तशीच. घोंगडीखाली धरायची तशी.

“माय,” मी म्हणाले, “दंड सोड. दुखतंय.”

“नाय सोडत,” ती म्हणाली. डोळे तिने गच्च मिटले होते. “मला लई भेव वाटतं, मंगल. लहानपणापासनं वाटतं.”

वारं पडेपर्यंत मी दंड सोडवून घेतला नाही.